चाखायचा मान

"अजून," आजी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि जेनेलचा हात डबीवरच थबकला.

डबीत उरलं होतं तरी काय! तळाला चिकटलेले दहा-बारा तांबडे धागे. पुढच्या ऑक्टोबरात कंदांना फुलं येईपर्यंत शेंकांच्या घरातलं केशर एवढंच. शेगडीच्या कडेला ठेवलेल्या वाटीतलं दूध पिवळेपणा ओलांडून केव्हाच पुढे निघून गेलं होतं. शाळेची बससुद्धा त्याच्यापुढे फिकी दिसली असती.

"आजी, डबी रिकामी होईल."

"होऊ दे. केशर काय नुसतं बघायला लावतात?"

"पण गेल्या वर्षी अर्ध्याच डबीत झालं होतं ना?"

"गेल्या वर्षी तू त्या कोपऱ्यात बटाटे सोलत होतीस. अर्धी की पाऊण, तुला काय दिसलं?"

हे मात्र खरं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या बुधवारी, मोठ्या घराशेजारी आजीसाठी बांधलेल्या धाकट्या घराच्या स्वयंपाकघरात, टर्कीच्या पोटात भरायचं सारण व्हायचं आणि त्या दिवशी जो तो आपापल्या जागेवर असायचा. वर्ना शेंक, म्हणजे आजी, शेगडीपाशी. लोरेटा आत्या पावाचे तुकडे लोण्यात परतायला. बाकीच्यांनी सोलायचं, चिरायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. पण वसंतापासून आजीचे गुडघे वाकेनात, बोटं वळेनात, म्हणून आठवड्यापूर्वी तिनं नातीला बोलावून सांगितलं, "या वर्षी हात तुझे, जीभ माझी." तेव्हापासून जेनेल जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती. सगळ्या हॉकीच्या टीमला तिनं हे सांगून झालं होतं. टीममधल्या निम्म्या मुलींना त्यात काय एवढं ते कळलं नाही, तर तिनं परत पहिल्यापासून सांगितलं.

सप्टेंबरपर्यंत हीच जेनेल वर्गात हात वर करायची तो खांद्यापर्यंतच. मग कोचबाईंनी तिला गोलमध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, मैदानाच्या त्या टोकापर्यंत तुझा आवाज गेला पाहिजे. गेला. आणि एकदा गेलेला आवाज परत आत जायचं नाव घेईना. सोळाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की आपण मागितलं तर मिळू शकतं. आणि तिला कंद हवे होते.

कंद म्हणजे धाकट्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत लावलेली केशराची ती एक ओळ. पणजीच्या सासूपासून चालत आलेली, पेन्सिल्व्हेनियाच्या थंडीत दरसाल गाडून घेऊन दरसाल वर येणारी. शेंकांच्या घरात कंदांची वाटणी होत नाही. ते एकाच बाईकडे असतात आणि जिच्याकडे कंद, तिचंच सारण. आजी ब्याऐंशीची. उद्या जेवणाच्या टेबलावर, सगळे सव्वीस जण बसल्यावर, आपण कंद कुणाला द्यायचे ते सांगणार आहोत असं तिनं स्वतःच जाहीर करून ठेवलं होतं. लोरेटा आत्या थोरली. नाव तिचंच निघणार असं लोरेटा आत्यासकट सगळे धरून चालले होते. 'हात तुझे' हे ऐकेपर्यंत जेनेलही.

आणखी एक नियम होता. कच्चं सारण एकटीनंच चाखायचं, कंदवालीनं. दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. बटाटा कुस्करून झाला, पाव, कांदा, सेलरी, पार्सली सगळं त्यात गेलं, केशराचं दूध पडलं, की आजी लाकडी चमच्यानं एक घास घ्यायची आणि बाकीच्या बायका हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहायच्या. ती 'हं' म्हणाली की मगच सारणात अंडी फोडायची.

लोरेटा आत्या पाव परतून टर्की आणायला गेली होती, बाकीच्या या वर्षी थेट उद्याच येणार होत्या. जेनेलनं उरलेले धागे वाटीत झाडले. दूध ढवळलं. पांढऱ्या टोपातल्या सारणाच्या डोंगरात खड्डा करून ते ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं. वाफेबरोबर कांद्याचा, लोण्याचा वास आला, आणि त्या सगळ्यावर चढून बसलेला केशराचा.

आजीनं चमचा घेतला. त्यांच्या चर्चच्या जुन्या बायका घालत त्या पांढऱ्या जाळीच्या टोपीखालून सुटलेली बट मागे सारली. घास तोंडात घोळवला.

जेनेल तिच्या तोंडाकडे बघत होती. कोपऱ्यात बसून बटाटे सोलता सोलता गेली सहा वर्षं तिनं आणखी केलं होतं काय! या घासाला आजीचा चेहरा कसा कसा हलायचा ते तिला पाठ होतं. आधी ओठ आत ओढले जायचे, मग डोळे बारीक व्हायचे, मग एकदम कपाळ मोकळं व्हायचं, जणू कुणी ओळखीचं दारात येऊन उभं राहिलंय.

आज काहीच हललं नाही. वर्तमानपत्रातलं उद्याचं हवामान वाचावं तसा चेहरा.

"हं," आजी म्हणाली. "मी तासभर पडते. अंडी मी उठल्यावर." काठी टेकत ती शेजारच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात शेगडीवरच्या किटलीचा तेवढा आवाज. बाहेर बाबा, आजीचा लमार, दंताळ्यानं गळलेली पानं ओढत होते. जेनेल टोपापाशी उभी राहिली. चमचा टोपातच रोवलेला होता.

मी कशाला चाखू, तिनं स्वतःला विचारलं. आजीनं 'हं' म्हटलंय. साठ वर्षं ती 'हं' म्हणतेय. तू कोण लागून गेलीस? उद्या कंद मिळायचे असतील तर आज बोट न लावणं एवढंच तर करायचंय.

पण तो चेहरा काही डोळ्यांपुढून जाईना. तिनं चमचा उचलला, एकदा दाराकडे बघितलं, आणि घास घेतला.

पहिल्यांदा नुसता बटाटा. मग जिभेच्या मागच्या बाजूनं कडवटपणा वर आला, आणि येतच राहिला. औषधाच्या बाटलीचं बूच चाटावं तसा. कांदा नाही, लोणी नाही, काही नाही. सगळ्यांना दाबून केशर एकटंच बोंबलत होतं.

"जेनेल शेंक!"

लोरेटा आत्या मागच्या दारात उभी. दोन्ही हातांत टर्कीची बादली, मिठाच्या पाण्यात बुडवलेली टर्की पाय वर करून. आणि जेनेलच्या तोंडात अजून चमचा.

"काढ तो तोंडातून."

जेनेलनं काढला.

"पंचावन्न वर्षांची मी," लोरेटा आत्यानं बादली दाणकन खाली ठेवली, "बारा वर्षांची असल्यापासून या घरात पाव परततेय. आजतागायत जिभेला लावलं नाही. आणि या बाईसाहेबांना एक दिवस हात घालायला मिळाले तर चमचा चाटतायत! हॉकीत हेच शिकवतात का?"

"आत्या, हळू. आजी झोपलीय."

"झोपलीय म्हणून तर तुझं धाडस. उठू दे, सांगते."

"सांग. पण आधी चाखून बघ."

"काय म्हणालीस?"

"चाख म्हणाले." जेनेलनं चमचा पुढे केला. आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असाच निघाला; तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "एकच घास. मग माझं नाव खुशाल सांग."

लोरेटा आत्या चमच्याकडे बघत राहिली. त्रेचाळीस वर्षं ज्या घासाकडे दुरून बघितलं तो घास एक पोरगी तिच्या नाकासमोर धरून उभी होती. रागावलेल्या माणसाचा चेहरा एवढा भुकेला दिसू शकतो हे जेनेलनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत्यानं हात एप्रनला पुसले. चमचा घेतला. घास घेतला.

आणि स्टूल ओढून खाली बसली.

"आई गं," ती अगदी हळू म्हणाली. "केशर किती घातलं?"

"पूर्ण डबी. आजीच अजून, अजून म्हणत होती."

"आणि चाखून ती 'हं' म्हणाली?"

जेनेलनं होकाराची मान डोलावली.

लोरेटा आत्यानं चमचा मांडीवर ठेवला. "ऑगस्टात बीटच्या लोणच्यात मीठ दोनदा पडलं," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी मुकाट खाल्लं. म्हटलं, विसरली असेल. आणि गेल्या महिन्यात चर्चच्या जेवणाला माझ्या सूपला छान म्हणाली. माझ्या सूपला, जेनेल! उभ्या जन्मात म्हणाली नव्हती. घरी येऊन मी आरशात बघितलं, काय झालंय मला म्हणून. तिथंच कळायला हवं होतं." तिनं लोटलेल्या दाराकडे बघितलं. "चवच गेलीय तिची. मार्चमध्ये सगळं घर तापानं पडलं होतं ना, तेव्हापासून असणार."

एवढ्यात पुढच्या दारानं मेरिअन आत्या आली. बाल्टिमोरहून गाडी चालवत आलेली, हातात भोपळ्याच्या गोड पाईचे तीन खोके, गळ्यात लांबलचक मफलर. धाकटी आत्या. दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींना भेटल्या की आधी भांडून घ्यायच्या आणि मग मिठी मारायच्या.

"विकतचे?" लोरेटा आत्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"विकतचे. आणि तुझ्यापेक्षा चांगले. कोण मेलंय? असे का चेहरे?"

जेनेलनं तिलाही चमचा दिला. मेरिअन आत्यानं नियमबियम काही विचारलं नाही, सरळ घास घेतला आणि सिंककडे धावली.

"देवा रे! हे काय, भिंतीला लावायचा रंग?" तोंड पुसत ती म्हणाली. मग आजीनं याला 'हं' म्हटलंय हे ऐकून तिच्याही ध्यानात आलं, आणि मफलर सोडता सोडता तिचा हात थांबला. "आई कुठाय?"

"झोपलीय," लोरेटा आत्या उठली, "आणि उठायच्या आत आपल्याला हे निस्तरायचंय. अंडी पडलेली नाहीत, नशीब. जेनेल, तळघरातून बटाटे आण, सगळे. मेरिअन, तू पाव काप. पाव कापायला तरी येतं ना अजून?"

"निस्तरायचं म्हणजे? तिला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तुला आता चव कळत नाही, तू बाजूला हो, असं? थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी?"

"मग काय, उद्या खोटं बोलून खायचं? परवा? पुढच्या वर्षी?"

"तू बाल्टिमोरला जाऊन बसतेस, मेरिअन. परवा आणि पुढचं वर्ष मी बघते."

"बघतेस ना! लोणचं मुकाट खाऊन!"

"तू तर नऊ वर्षांची असताना चमचा चाटलास आणि उपाशी झोपलीस. म्हणून पळालीस इथून. तू नियम शिकवू नकोस."

"मी नियम कुठं शिकवतेय? मी म्हणतेय, विचारा तिला!"

जेनेल बटाट्यांची टोपली घेऊन मध्ये उभी राहिली. "ऐका गं दोघी," ती म्हणाली, "पाणी उकळलंय. सोलता सोलता भांडा."

दोघींनी एकेक बटाटा उचलला. मग मेरिअन आत्या खुदकन हसली. "हिला कधीपासून एवढं बोलता यायला लागलं?"

"सप्टेंबरपासून," लोरेटा आत्या म्हणाली. "माझ्या कानांना विचार."

त्या तासाभरात त्या स्वयंपाकघरात जे झालं ते शेंकांच्या घरात आधी कधी झालं नव्हतं. तिघी चाखत होत्या. नवे बटाटे उकडून, दूध-लोणी घालून कुस्करले, पाव परतला, दोन जुड्या सेलरी, सहा कांदे. मग जुन्या टोपातलं सारण थोडं थोडं नव्या टोपात मिसळायचं आणि तिघींनी तीन चमचे बुडवायचे. मेरिअन आत्या म्हणे, पार्सली जास्त हवी. लोरेटा आत्या म्हणे, पार्सली गाईला घाल. जेनेलचा घास मात्र सगळ्यात शेवटी असायचा, आणि गंमत म्हणजे तिसऱ्या खेपेपासून दोघी आत्या आपला घास घेतल्यावर तिच्याकडे बघू लागल्या.

"अजून कडू आहे," ती म्हणायची. किंवा, "आता कांदा हरवला." आणि त्या तेवढं घालायच्या.

मेरिअन आत्या चाळणी आणायला कोठीत गेली तेव्हा लोरेटा आत्या जवळ सरकली.

"हे बघ," ती सुरीकडे बघत म्हणाली, "मगाशी मी बोलले ते सोड. तू चाखलंस हे मी आईला सांगणार नाही. तू तिला चवीचं काही बोलू नकोस. उद्या ती जिचं नाव घ्यायचं ते घेईल." थोडं थांबून म्हणाली, "तुझंच घेईल. मला दिसतंय ते. घेऊ दे."

जेनेलनं हातातला चमचा खाली ठेवला. एवढं सोपं? गप्प बसायचं, बस. गप्प बसण्यात तर ती सप्टेंबरपर्यंत शाळेत पहिली होती. आणि आत्या, जी एवढी वर्षं थांबली होती, ती स्वतःहून हे देत होती. कंदांसाठी नाही, आईची शोभा होऊ नये म्हणून. जेनेलनं मान डोलावली. डोलावल्यावर मात्र जिभेवर मघाचाच कडवटपणा आला, आणि तो केशराचा नव्हता.

दार वाजलं. आजी काठी टेकून उभी होती.

तिनं काही विचारलं नाही. आधी जुना टोप बघितला. मग नवा. मग ओट्यावरचा बटाट्याच्या सालींचा ढीग, मग मेरिअन. "आलीस? जाड झालीस. बरं झालं," म्हणाली. मेरिअन आत्यानं वाकून तिचा गाल आपल्या गालाला लावला. मग आजी परत टोपांकडे वळली.

"लमारचा फोन आला होता," लोरेटा आत्या घाईनं म्हणाली. "आणखी आठ जण येणार आहेत उद्या. म्हणून वाढवलं."

"लमारचा फोन?"

"हो, आत्ताच."

"लमार माझ्या खिडकीखाली पानं ओढतोय तासभर. हाक मारू त्याला?"

लोरेटा आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. मेरिअन आत्यानं चाळणीत डोकं खुपसलं. पंचावन्न वर्षांची बाई, पण खोटं बोलणं तिला बारा वर्षांच्या पोरीइतकंही जमत नव्हतं.

आजी स्टुलावर बसली. "चाखलं कुणी?"

लोरेटा आत्यानं जेनेलकडे बघून बारीकशी मान हलवली: नको.

"मी," जेनेल म्हणाली. "तू झोपल्यावर. मी आधी चाखलं, मग मीच यांना दिलं. त्यांची काही चूक नाही."

"नियम माहीत होता?"

"माहीत होता."

"मग?"

"तुझा चेहरा बघितला म्हणून." तिचा गोलमधला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, हे साध्या आवाजात निघालं. "दरवर्षी तुझा चेहरा बदलतो, आजी. आज घास घेतलास आणि काहीच झालं नाही. सारण कडू झालं होतं, आणि तुला ते कळलं नाही."

लोरेटा आत्यानं डोळे मिटले. मेरिअन आत्या चाळणी धरून उभी राहिली.

आजीनं काठी ओट्याला टेकवून ठेवली, जणू आता कुठं जायचं नव्हतं.

"मार्चपासून," ती म्हणाली. "कॉफी नुसती गरम. जुलैतले पीच नुसते ओले. सगळं तोंडात कोमट फडकं घेतल्यासारखं. मला वाटलं, येईल परत. केशर जास्त घातलं तर केशराची तरी येईल."

"आई, सांगायचंस ना," लोरेटा आत्या म्हणाली.

"कुणाला? तुझे बाबा गेले. मग तुम्ही गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग गुडघे गेले. म्हटलं, एवढं एक राहू दे माझ्याकडे, बुधवारचं." ती जेनेलकडे वळली. "आणि तुमचा तो नियम. माहितीय कुणी केला? माझ्या सासूनं. अकरा पोरं होती तिला. सारण चाखता चाखता ती पोरं निम्मा टोप खाऊन टाकायची, टर्कीत भरायला उरायचंच नाही. म्हणून म्हणाली, माझ्याशिवाय कुणी बोट लावलं तर उपाशी झोपवीन. एवढंच."

"एवढंच?" मेरिअन आत्या ओरडली. "आणि मला उपाशी झोपवलंस?"

"तू तीन वाट्या खाल्ल्या होत्यास. उपाशी कसली!"

लोरेटा आत्याला हसू आलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग नुसतं पाणीच येत राहिलं, आणि ती कांद्यावर ढकलून मोकळी झाली. कांदे तर केव्हाच परतून झाले होते.

"बरं," आजी म्हणाली. "नवा टोप. जेनेल, घे एक घास. आणि मला सांग."

"काय सांगू?"

"जे होतंय ते. पहिल्यापासून. घाई करू नकोस."

जेनेलनं घास घेतला. दोघी आत्या तिच्याकडे बघत होत्या. आजीनं मात्र डोळे मिटून घेतले होते.

"आधी लोणी," जेनेल म्हणाली. "मग बटाटा, मऊ. पाव थोडा कुरकुरीत अजून. कांदा गोड लागतोय. सेलरी… सेलरी कडेकडेनं. मग केशर."

"केशर कधी? घास तोंडात असताना?"

"हो. शेवटी शेवटी."

"लवकर येतंय. गिळल्यावर यायला हवं. गिळून झालं, संपलं असं वाटलं, आणि श्वास सोडला की मागून. जणू पाहुणे गेले असं वाटून दार लावायला जावं आणि एक जण अजून पायरीवर बसलेला दिसावा. तसं."

लोरेटा आत्या खणात पेन्सिल शोधायला लागली.

"लिहू नकोस, लोरेटा. बटाटा घाल. दोन मुठी."

दोन मुठी बटाटा पडला. जेनेलनं परत घास घेतला, गिळला. थांबली. श्वास सोडला. काही नाही. अजून थोडं मीठ? आजी म्हणाली, अर्धा चमचा. परत घास. गिळला. श्वास.

आणि मागून, अगदी हळू, गवताच्या गंजीवर ऊन पडावं तसं काहीतरी आलं.

"आजी!"

"आलं?"

"आलं! अगं, आलं! पायरीवर बसलाय!"

आजी हसली. डोळे अजून मिटलेलेच. किती तरी वेळ तशीच बसून होती, आणि तिला मधूनच विचारावंसं वाटे ते ती विचारी: गोड आहे का? किती वेळ राहतं? जेनेल सांगत होती, आणि आजी तिच्या सांगण्यातून एक एक घास घेत होती.

मग ती म्हणाली, "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? सव्वीस जणांना काय करायचंय? कंद लोरेटाकडे."

जेनेलचा चमचा हवेतच राहिला. लोरेटा आत्याही दचकली. "आई, अगं, ही पोरगी—"

"आजी, तीन वर्षं फुलं मी खुडली!" हा आवाज मात्र पानं ओढणाऱ्या बाबांपर्यंत नक्की गेला.

"खुडलीस. आठ वाजता, निम्मी कोमेजल्यावर. खिडकीतून दिसतं मला. फुलं पहाटे उघडतात, बाई. लोरेटा साडेपाचला उठते, कुणी सांगितलं नाही तरी उठते. आणि दोन वर्षांनी तू असशील कुठल्या कॉलेजात लोळत. कंदांना कोण बघणार?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. जेनेलनं ओठ चावला. हवं ते मागितलं, खरं तेही बोलली, आणि तरी मिळालं नाही. गोलमध्ये बारा शॉट अडवून तेरावा आत गेल्यावर जसं वाटतं तसं वाटलं. मेरिअन आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पण," आजी म्हणाली, "लोरेटाला चव नाही."

"आई!"

"सूप करतेस तू ते मी चाळीस वर्षं प्यायलेय, लोरेटा. तेव्हा माझी जीभ शाबूत होती." ती जेनेलकडे वळली. "कंद तिनं लावायचे, खुडायचे, वाळवायचे. सारण तिच्याच घरी होईल. पण पुरे कधी म्हणायचं, ते तू सांगायचं. कॉलेजातून यायचं. बर्फ असलं तरी यायचं. तू आल्याशिवाय अंडी फुटायची नाहीत."

लोरेटा आत्या टोपाकडे बघत होती; जन्मभर वाट बघून जे मिळालं त्यातलं अर्धं आता कायम एका पोरीच्या जिभेवर असणार होतं. जेनेलला वाटलं, आता ही चिडेल.

लोरेटा आत्यानं फ्रिजमधून अंडी काढली. एका ओळीत मांडली. मग चमचा सारणात बुडवला, भरपूर घेतला, आणि तो स्वतःच्या तोंडाकडे न नेता भाचीपुढे धरला.

"घ्या, बाईसाहेब," ती म्हणाली. "सांगा. मला टर्की भरायचीय."

"एवढ्यात नाही," जेनेल म्हणाली. "आधी घास निवू दे जरा."